पंचेंद्रियांचा प्रभाग

मी काही काळ महापालिकेत नाक होते. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी 'तक्रार निवारणात होते' म्हणते. पण खरं तर नाकच. खिडकीवर तशी पाटी होती, माझ्या टेबलावर तसा शिक्का होता, आणि प्रभाग कार्यालयाच्या जिन्यावर शिपाई लोकांना ओरडून सांगायचा, "गटाराचं ना? नाकात जा! पहिल्या मजल्यावर डावीकडे!"

ही करणी आमच्या साहेबांची.

साहेब आमच्याकडे प्रभाग अधिकारी म्हणून आले तेव्हा निवडणुका रखडलेल्या होत्या. नगरसेवक कोणीच नव्हते, सगळे माजी, पण त्यांना 'माजी' म्हणायची हिंमत कोणात नव्हती. त्यात प्रभागांची पुनर्रचना सुरू झालेली. सगळा प्रशासकीय कारभार लोकांच्या अधिक जवळ नेण्यासाठी म्हणून वरून नवे नकाशे यायचे, आणि दर नव्या नकाशात आमचं कार्यालय लोकांपासून थोडं आणखी लांब जायचं. एका नकाशात तर ते आमच्याच प्रभागाच्या बाहेर पडलेलं. साहेब तो नकाशा बघून म्हणाले, "म्हणजे मी आत्ता परदेशात बसलोय."

साहेब पन्नाशी ओलांडलेले, अंगाने किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात सॅंडल. बोलणं अगदी पुस्तकी, पुण्याच्या वळणाचं. रागावले तरी 'कृपया' म्हणायचे. हद्द हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांच्या खिशात कायम खडू असायचा. पाहणीला गेले की भर रस्त्यात वाकून ते प्रभागाची हद्द आखायचे, मागे रिक्षावाले हॉर्न मारून जीव खातायत, आणि साहेब शांतपणे त्यांना सांगायचे, "तुमचं पुढचं चाक माझ्याकडे आहे. मागच्यासाठी शेजारच्या कार्यालयात तक्रार करा."

ते राहायला मानपाड्याला. एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षाने त्या बाजूला गेलेले. आमची हद्द संपली तशी त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आता मी नागरिक." आणि पुढच्या क्षणी इतक्या जोरात खड्ड्यांवरून बोलायला लागले की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "काय करतात काय हे लोक? झोपलेत का ऑफिसात?" परत येताना हद्द लागली, ओळखपत्र पुन्हा गळ्यात गेलं, आणि साहेब एकदम गप्प. खड्डा आला की मान खाली घालायचे. शीळफाट्याच्या कोंडीत अडकले की मात्र त्यांची चैन असायची. तिथे तीन दिशांना तीन कारभार, त्यामुळे ते नागरिक म्हणून तिघांनाही मनसोक्त नावं ठेवायचे. "इथे कुठलीच शरम माझी नाही," असं म्हणून पाय पसरून बसायचे.

नाक-कानाचं प्रकरण सुरू झालं ते जिन्यावर बसलेल्या एका आजोबांमुळे. त्यांच्या हातात गढूळ पाण्याची बाटली होती. पाणीपुरवठ्याने सांगितलेलं की नळ आमचा पण घाण मलनिःसारणाची. मलनिःसारणाने सांगितलेलं की पाइप बांधकामवाल्यांनी फोडला. बांधकामवाल्यांनी सांगितलेलं की पाण्याचा विषय आहे, पाणीपुरवठ्याकडे जा. आजोबा त्या गोल फेऱ्यात दमून जिन्यावर बसले होते. साहेब त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"पाणी खराब आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? वास आला."

साहेबांनी बाटली हातात घेऊन स्वतः हुंगली. मग उठले, केबिनमध्ये गेले आणि आमचे मुख्य लिपिक दातार यांना बोलावून म्हणाले, "दातार, माणसाला पाणीपुरवठा विभागाचा त्रास होत नाही. माणसाला वास येतो. आपण कार्यालय उलटं लावलंय."

दातारांची निवृत्ती जवळ आलेली. ते फक्त "बरं" म्हणाले, आणि त्यांच्या त्या एका 'बरं'वर पुढचं सगळं उभं राहिलं. सोमवारी आम्ही आलो तेव्हा विभागांच्या पाट्या उतरवलेल्या आणि पाच खिडक्यांवर नव्या पाट्या: नाक, कान, डोळे, जीभ, त्वचा. कचरा, गटार, मेलेलं जनावर नाकात. लाउडस्पीकर, भटकी कुत्री, रात्रीचं बांधकाम कानात. बंद दिवे, बेकायदा फलक डोळ्यांत. पाणी आलं नाही तर जिभेत, कारण तहान तिथे लागते. डास आणि खड्डे त्वचेत. आत बसलेल्या माणसांनी आपापसांत ठरवायचं की कोणाचं काम. नागरिकाने फक्त सांगायचं, त्याला काय जाणवलं.

पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ. घरी नवरा विचारायचा, "आज नाकाचं कसं काय?" जन्माच्या दाखल्यावर वाद झाला, तो साहेबांनी कानाला दिला, कारण मूल आलं हे आधी ऐकू येतं. विवाह नोंदणी कोणाला, यावर कान आणि डोळे भांडले. दातारांनी कधी नव्हे तो विनोद केला, "साहेब, हृदय काढू या का एक?" साहेबांनी गंभीरपणे फाइल बघितली आणि म्हणाले, "ते पद मंजूर नाही."

अडचण झाली ती मृत्यूच्या दाखल्याची. "ज्याच्याबद्दल दाखला आहे, त्याला काहीच जाणवत नाही," असं म्हणून साहेबांनी ते काम स्वतःच्या केबिनमध्ये घेतलं. दाखल्याला आलेल्या माणसाला ते समोर बसवायचे, चहा सांगायचे आणि विचारायचे, "कसे होते ते?" लोक आधी बावरायचे. मग बोलायला लागायचे. एक बाई वडिलांच्या दाखल्यासाठी रागारागात आली होती, आदल्या कुठल्याशा ऑफिसात तिला फार फिरवलेलं. केबिनमधून बाहेर आली ती हसत, डोळे पुसत. दाखला मात्र आतच विसरली. मी तो घेऊन तिच्यामागे गेटपर्यंत धावले.

आणि गंमत म्हणजे कामं व्हायला लागली. आतली माणसं एकमेकांवर ढकलू शकत नव्हती, कारण सगळी एकाच नाकात बसलेली. माझ्या डावीकडे मलनिःसारणाचा माणूस, उजवीकडे आरोग्याचा. ढकलायचं तर शेजारच्या खुर्चीवर, आणि तो डबाही त्याच टेबलावर खाणार.

अशात एक दिवस हिराबाई आल्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. कमरेला पदर खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या आधी जिभेच्या खिडकीवर गेलेल्या.

"माझी सून पानी पीत नाय," त्यांनी सांगितलं.

जिभेच्या माणसाने विचारलं, "नळाला येत नाही का?"

"नलाला येतं रे! ती पीत नाय. पोटुशी हाय. पानी प्याली क जावा लागतं, आन् जावाचा कुठं?"

ते ऐकून त्याने त्यांना माझ्याकडे पाठवलं. कोळीवाड्यात एकच सार्वजनिक शौचालय. एकच इमारत, मधे भिंत, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बायकांच्या बाजूला दारं मोडलेली, दिवा नाही, नळ नाही. एक बाई आत गेली की दुसरीने बाहेर साडी धरून उभं राहायचं. हिराबाईंची सून ते टाळण्यासाठी दिवसभर घोटभर पाण्यावर राहायची, आणि आदल्या दिवशी मासळी साफ करता करता चक्कर येऊन पडलेली. "डाक्टर बोलला, असाच चालला तं पोराला धोका हाय," हिराबाई म्हणाल्या आणि खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या.

मी नकाशा काढून टेबलावर पसरला. नव्या पुनर्रचनेत आमच्या प्रभागाची रेघ कोणीतरी पट्टी धरून सरळ ओढलेली, आणि ती त्या शौचालयाच्या मधल्या भिंतीवरून गेलेली. पुरुष आमच्या प्रभागात. बायका शेजारच्या.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "ही दोन इंद्रियांची तक्रार आहे," म्हणाले, आणि लगेच शेजारच्या प्रभाग अधिकाऱ्यांना पत्र दिलं. उत्तर आलं की बायकांची बाजू आमच्या हद्दीत आहे हे मान्य, परंतु मैल्याची टाकी आपल्या हद्दीत असल्याने मूळ बाब आपली. साहेबांनी लिहिलं, टाकी आम्ही साफ करतो, दारं आपण लावा. उत्तर आलं, हद्दी अंतिम होईपर्यंत खर्च करता येत नाही. साहेबांनी लिहिलं, मग आम्ही लावतो. त्यावर मुख्यालयातून आमच्याच साहेबांना समज आली की स्वतःच्या हद्दीबाहेर एक खिळासुद्धा ठोकता येणार नाही.

आणि याच काळात पुरुषांची बाजू चकाचक होत होती. तिचा निधी आधीच मंजूर होता, कारण कोळीवाड्यातल्या माजी नगरसेवकांनी, भाऊंनी, त्यासाठी जोर लावलेला. नव्या टाइल्स, नवी दारं, कड्या, दिवे. आत एक पंखासुद्धा बसला. कोणाला हवा होता देव जाणे.

शेवटी साहेबांनी संयुक्त पाहणी ठरवली. शौचालयासमोर कार्यालयातलं टेबल नेऊन ठेवलं, बरोबर रेघेवर, अर्धं आमच्यात, अर्धं त्यांच्यात. खडूने जमिनीवर हद्द आखली. कोळणी मासळीच्या पाट्या बाजूला ठेवून बघायला उभ्या. शेजारचे साहेब गाडीतून उतरले आणि खडूच्या रेघेपाशी येऊन थांबले.

"या ना, बसा," आमचे साहेब म्हणाले.

"खुर्ची तुमच्या हद्दीत आहे."

साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पलीकडे सरकवली. शेजारचे साहेब बसले. मग त्यांनी टेबलावरचा चहा बघितला. "चहा कोणाच्या खर्चातून?"

"माझ्या घरून आणलाय."

"मग हरकत नाही."

"आता या बायकांकडे बघा," साहेब म्हणाले.

शेजारच्या साहेबांनी खरोखरच मान वळवून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मला कळत नाही असं नाही हो. पण माझ्या सहीने दार लागलं आणि उद्या रेघ बदलली, तर ते दार माझ्या पगारातून जाईल." आणि चहा संपवून गेले.

हिराबाई रेघेपाशी आल्या, पायाने ती जरा पुसून बघितली. "ही पुसली तं चालंल क?"

"ही पुसता येते," साहेब म्हणाले. "कागदावरची नाही."

त्या संध्याकाळी साहेब कार्यालयात परतले. माझ्या खिडकीपाशी उभे राहून वरची 'नाक' पाटी बघत होते. मग म्हणाले, "या पाट्या कोणत्या पेंटरने रंगवल्या हो?"

मी नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातले पुरुष नेहमीसारखे अर्ध्या झोपेत, हातात टमरेल घेऊन आले, तर त्यांच्या नव्या कोऱ्या दारावर गुलाबी अक्षरांत 'स्त्रिया' लिहिलेलं. आणि मोडक्या बाजूला, जिथे दारच नव्हतं, तिथे भिंतीवर निळ्या अक्षरांत 'पुरुष'. काही जण सवयीने टाइल्सकडे वळले, तर दारात हिराबाई खराटा घेऊन बसलेल्या.

"वाचता येतं क नाय?"

"अगं पण काल तं..."

"काल गेला. आज बायांचा हाय. सरकारी पाटी हाय."

मी नऊच्या सुमारास पोचले तेव्हा मोडक्या बाजूला एक माणूस दुसऱ्यासाठी टॉवेल धरून उभा होता आणि दोघेही एकमेकांवर ओरडत होते. कोळणी हसून हसून खाली बसलेल्या. हिराबाईंची सून नव्या बाजूने बाहेर आली, दारात थांबली, आणि तिथेच उभं राहून तिने बाटलीतलं पाणी सगळं संपवलं.

साहेब लांब उभे होते, आमच्या हद्दीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मी हद्दीबाहेर एक खिळा ठोकलेला नाही. बाहेरच्या भिंतीवर आहे तो फक्त रंग."

भाऊ दुपारी कार्यालयात आले. बरोबर माणसं. "साहेब, ही काय चेष्टा लावलीय? आमच्या माणसांनी जायचं कुठे?"

"नेमका हाच प्रश्न शेजारच्या कार्यालयाला विचारा," साहेब म्हणाले. "पुरुष आता त्यांच्याकडे आहेत. मी पत्ता देतो, कृपया बसा."

भाऊ तिथे गेले. काय बोलले ते माहीत नाही, पण हद्दी अंतिम व्हायची वाट कोणी बघितली नाही. 'तातडीची बाब' म्हणून पलीकडच्या बाजूला कामगार आले, दारं बसली, दिवे लागले, नळ आला. आठवडाभरात दोन्ही बाजू सारख्याच चकाचक. भाऊंनी नारळ फोडला आणि साहेबांनाही बोलावलं. साहेब गेले, पण रेघेच्या अलीकडेच उभे राहून टाळ्या वाजवल्या.

मग नोटीस आली. 'सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना सार्वजनिक शौचालयाचे लिंग बदलल्याबाबत खुलासा करावा.'

साहेबांनी ती मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली आणि दातारांना म्हणाले, "दातार, तुम्ही 'तो शौचालय' म्हणता की 'ती शौचालय'?"

"ते शौचालय, साहेब."

"म्हणजे मुळात नपुंसकलिंग. मग मी बदललं काय?"

आणि खुलाशात त्यांनी खरोखर तेच लिहिलं. 'शौचालय हा शब्द नपुंसकलिंगी असल्याने आरोप व्याकरणदृष्ट्या टिकत नाही.' आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून सांगितलं की असं लिहू नका. ते म्हणाले, "खोटं काय आहे त्यात?" वर चौकशीत विचारलं गेलं, की पुरुषांची मंजूर जागा तुम्ही बायकांना दिलीत कशी? साहेब म्हणाले, "मी कोणालाच कुठे पाठवलं नाही. मी पाट्या लावल्या. लोक साक्षर निघाले."

पाट्या पुन्हा पहिल्यासारख्या करायचा आदेश निघाला. पेंटर गेला, पण बायकांनी त्याला शिडीच लावू दिली नाही. आतल्या उभ्या मुताऱ्यांत त्यांनी तोवर माती भरून झेंडू लावलेला. पेंटर झेंडूचा फोटो काढून परत आला. आदेश अजून फाइलला आहे, झेंडूही अजून तिथेच आहे.

साहेबांची बदली झाली. कुठे, तर मुख्यालयात, पुनर्रचना कक्षात, जिथे या रेघा आखतात तिथेच. शिक्षा म्हणून दिली की कोणाच्या तरी डोक्यात अक्कल होती म्हणून, हे आम्हाला कधीच कळलं नाही. ते गेले त्या दुपारीच इंद्रियांच्या पाट्या उतरल्या आणि पाणीपुरवठा, मलनिःसारण, बांधकाम परत आले. पण लोक पुढे कित्येक महिने जिन्यावर विचारायचे, "नाक कुठे गेलं?"

प्रारूप नकाशावर हरकती आणि सूचना मागवल्या तेव्हा दर प्रभागातून एकेक लिपिक मुख्यालयात कामाला घेतला. मला पाठवलं. मोठ्या साहेबांपुढे जाण्याआधी हरकतींची पहिली सुनावणी होती आमच्या साहेबांकडे. भिंतीभर नकाशे, मधे टेबल, साहेब तसेच किडकिडीत. मी नावं पुकारायची, त्यांनी ऐकायचं, मी लिहायचं. कोणाची सोसायटी दोन तुकड्यांत गेलेली, कोणाला अमक्या वस्तीबरोबर राहायचं नव्हतं. साहेब प्रत्येकाला विचारायचे, "तुम्हाला नेमकं काय जाणवतं?" लोक पुन्हा नकाशाकडेच बोट दाखवायचे.

मी पुढचं नाव पुकारलं आणि हिराबाई आत आल्या. कडेवर नातू, गुटगुटीत. हातात शिक्का मारलेला अर्ज.

साहेब उठून उभे राहिले, मग सुनावणी चालू आहे हे आठवून बसले. "आपली हरकत?"

"अर्जान लिवलीय. सुनेनी लिवून दिली."

मी अर्ज वाचला. 'प्रारूप रचनेत आमचे साहेब चुकून मुख्यालयात गेले आहेत. ते कोळीवाड्याच्या हद्दीत परत घ्यावेत, ही विनंती.'

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. "ही हरकत विषयाला धरून नाही," मी हळूच म्हटलं.

"शिक्का आहे ना? मग ऐकावी लागेल." ते हिराबाईंकडे वळले. "आपलं म्हणणं मांडा."

"म्हननं काय, सायेब. तुमी गेलाव आन् आमी परत जिन्यावर. वर गेलू क बोलतान खाली जा, खाली गेलू क बोलतान वर जा. तुमी होताव तं कोनी इचारायचा तरी, काय होतंय तुना. आता कोन इचारीत नाय. येवराच."

"आणखी काही?"

"नाय."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. उठले, जवळ गेले, कोळीवाड्यावर एक बोट ठेवलं आणि आपल्या घराच्या मानपाड्यावर दुसरं. हात बराच ताणावा लागला. मग परत येऊन त्यांनी मला निर्णय सांगितला, अगदी सरळ आवाजात, आणि मी लिहून घेतला. "हरकतदारांचे म्हणणे ऐकले. अधिकारी आणि कोळीवाडा यांत भौगोलिक सलगता आढळत नाही. सबब हरकत फेटाळण्यात येत आहे."

हिराबाईंनी मला विचारलं, "काय बोलले?"

"नाही म्हणाले, मावशी."

"पन मी बोलले त लिवून घेतलाव?"

"शब्द न् शब्द," साहेब म्हणाले.

"मग झाला." त्या उठल्या. नातवाला साहेबांसमोर जरा पुढे केलं, "सायबाला टाटा कर," म्हणाल्या. त्याने केला. आणि त्या गेल्या.

मी पुढचं नाव पुकारायला दाराकडे वळले तर साहेबांनी मान न वर करता हाताने थांबायची खूण केली. चष्मा टेबलावर काढून ठेवलेला. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. रांगेतला पुढचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "काय हो मॅडम, साहेब जेवायला गेले का?"

मी हो म्हटलं.